खिडकीखालचा कारखाना आणि माझी खाट

मी, खाली सही करणारा, वय बावीस, धंदा दुकानांच्या पाट्या बसवणे, शिक्षण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात अर्धवट, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दुखणं थांबवायची गोळी सकाळी घेतली होती, ती केव्हाच उतरली. उद्या माझ्या मांडीच्या हाडात सळी घालणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. मग ‘जिवाचे बरेवाईट झाल्यास’ अशा कागदावर माझी सही कशाला घेतली? त्यांचा कागद आहे, तर माझाही असू दे.

कलम १. घर.
घर माझे नाही, ताईचेही नाही, भाड्याचे आहे. एक खोली, स्वयंपाकघर, वर माळा. माळ्यावर मी झोपतो, खाली ताई आणि तिची दोन मुले. भाऊजी परगावी कामाला गेले ते गेलेच, त्यांच्यावर इथे शाई घालवत नाही. खिडकीखालचा कोपरा मुलांचा. त्याला आम्ही कारखाना म्हणतो. तिथे पुठ्ठे, बाटल्यांची बुचं, ताईच्या शिवणखात्यातल्या चिंध्या आणि माझ्या कामावरचे फ्लेक्सचे तुकडे असतात. विकत काही आणायचं नाही, कारण आणणार कुठून? आणि ‘हे काय केलंस’ असं कुणी विचारायचं नाही, ‘कसं केलंस’ असं विचारायचं. शेजारच्या काकूंनी धाकट्याच्या विमानाला बदक म्हटलं, तेव्हा पोरगं रुसून कितीतरी दिवस कात्रीला शिवलं नव्हतं. काकू वर म्हणाल्या होत्या, कचरा चिवडण्यापेक्षा शिकवणीला घाला. काकूंना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही, माफीसुद्धा नाही.

कलम २. हत्यारे.
ड्रिल मालकांचे, ते त्यांना परत करावे. पक्कड, स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि मोजपट्टी हे सगळे माझे आहे, ते धाकट्याला द्यावे. मोजपट्टी सपकन आत जाते तेव्हा बोट सांभाळायचं, हे ताईने त्याला सांगावं. आधी तो ऐकणार नाही, मग ऐकेल.

कलम ३. कॉलेज.
प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडलं असं लोक म्हणतात. खरं आहे. माझ्याकडे राहिलेली ग्रंथालयाची दोन पुस्तके परत करू नयेत.

कलम ४. झेरॉक्सवाली.
कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जी बसते, तिला काही नाही. हे वाक्य खोडले समजावे. तिला माझी सायकल. दर शनिवारी ती एका बाजूला बिघडलेले कागद दोरीने बांधून मला द्यायची आणि म्हणायची, “घ्या काका, मुलांना.” ती मुलं माझीच असं तिला वाटतं. मी कधी सुधारलं नाही. खरं कळल्यावर कागद चालू राहतील की बंद होतील, याचा अंदाज येईना. तरी तिला कळवावे की काका अविवाहित आहे आणि बावीस वर्षांचा आहे. शिडीवर पाटी धरून उभा होतो तेव्हा ती खाली हसली, म्हणून मी मान वळवली आणि पडलो. ती फोनवर कुणाशी तरी हसत होती, हे जमिनीवर आल्यावर समजलं. तिच्याबद्दल तक्रार नाही. कागद ताईला देत जावेत.

कलम ५. एक्स-रे.
हे माझे ऑपरेशन काल व्हायचे होते. ताईने माझे मळके कपडे घरी नेले, त्या पिशवीत एक्स-रेची फिल्म गेली. आमच्याकडे आरपार दिसणारी वस्तू कारखान्याची, असा ठरावच आहे. थोरलीने फिल्म खिडकीला धरून पाहिली आणि त्यातलं माझं हाड अगदी कडेकडेने कापून काढलं. धाकट्याने त्याला दोरा बांधला. बॅटरीच्या उजेडात माझी मांडी भिंतीवर नाचली म्हणे, मोडलेल्या जागी लचकत. इकडे डॉक्टरांनी फिल्म मागितली तेव्हा ताईने पिशवीतून भोक पडलेली चौकट काढली. डॉक्टर त्या भोकातून तिच्याकडे बघत राहिले. फोटो पुन्हा काढावा लागला, त्याचे पैसे पुन्हा भरावे लागले, ऑपरेशन पुढे गेलं.

ताई घरी जाऊन थोरलीला ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “तू तरी शहाणी असशील असं वाटलं होतं मला.” ताईलाही दोष देत नाही. दिवसभर शिलाई मारून आलेल्या बाईने आणखी काय बोलायचं?

कलम ६. कारखाना.
आज भेटीच्या वेळेत थोरली आली. वय वर्षे नऊ, केस चापूनचोपून बसवलेले. म्हणाली, “मामा, कोपरा रिकामा केला. तुला माळ्यावर चढता येणार नाही ना, तुझी खाट तिथे लागेल.”

सामान कुठे ठेवलं, विचारलं. भंगारवाल्याला दिलं म्हणाली. बुचं त्याने घेतली नाहीत, ती टाकली. ते हाडही टाकलं.

“मग तुमचं काय?”

“चालेल की. आम्हाला अभ्यास असतो, मामा.”

मला कोपरा मुलांच्या नावे करायचा होता. शेजारच्या खाटेवरचे शिंपीकाका म्हणाले, “अरे, मृत्युपत्र मेल्यावर चालतं. तू मेलास तर कोपरा तसाही त्यांचाच. तू जगलास तर काय?” जगलो तर त्या खिडकीखाली मी आडवा असेन, आणि दुसरीकडे खाट मावत नाही. मी पडल्या पडल्या मनात चारही भिंती मोजल्या.

कलम ७. शिल्लक.
माझी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट उरते, माझा संताप. तो मी थोरलीला देत आहे, सगळा, वाटणी न करता. जागा सोडताना तिने आदळआपट करायला हवी होती, ती ‘चालेल’ म्हणाली. नवव्या वर्षी कुणी असं चालवून घेऊ नये. मला खाटेवर आणून ठेवतील तेव्हा तिने तो पहिल्यांदा माझ्यावर काढावा, वाट्टेल ते बोलावं. मी उलट बोलणार नाही, आणि उठूनही जाता येणार नाही. हे कलम मी जगलो तरी लागू आहे. शिंपीकाका म्हणतात, असं होत नसतं.

साक्षीदार:
१. शिंपीकाका (उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हाताचा अंगठा)
२. वॉर्डातल्या मावशी (“वाचलं नाही, पण पोरगं शुद्धीत आहे” असे सांगून सही)

सही: मामा

ठिकाण: हाडांचा वॉर्ड, पुरुष, दाराजवळची खाट
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुसऱ्यांदा