धरणाखाली कोण राहतं

३ जून
आजपासून रोजनिशी. धरणमालकाकडे लेखी नोंद हवी. धरण वडिलांनी बांधलेलं, मातीचं, खाजगी. मागे तळं, तळ्यात माझे मासे. बायको त्याला ‘तो बांध’ म्हणते. मी मनावर घेत नाही. सरकारी यादीत आमचा वर्ग ‘कमी धोक्याचा’. म्हणजे बांधकाम एक नंबर, हे वेगळं सांगायला नको.
संकल्प : रोज सकाळी धरणावर फेरी.

४ जून
गुडघा धरलाय. फेरी उद्यापासून.

१२ जून
धरण-सुरक्षा ऑफिसातून इंजिनियर बाई आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या. धरण झटपट पाहिलं आणि खालच्या घराकडे मात्र किती तरी वेळ बघत राहिल्या. ते घर लेकीचं. जागा मीच दिली, धरणाच्या पायथ्याशी, छान सपाट. लेक, जावई आणि नात तिथे राहतात.
बाईंनी विचारलं, तिथे कोण राहतं. मी म्हणालो, कोणी नाही, गोडाऊन आहे. तेवढ्यात गोडाऊनमधून नात ‘आबा, आबा’ करत धावत आली.
बाई म्हणाल्या, वर्ग ‘जास्त धोक्याचा’ करावा लागेल. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एक तडा दाखवा. त्या शांतपणे म्हणाल्या, वर्ग धरणाच्या तब्येतीवरून ठरत नाही. फुटलं तर खाली कोण सापडेल, त्यावरून ठरतो. पूर्वी खाली कोणी नव्हतं, म्हणून कमी होता.
म्हणजे इतकी वर्षं मी पाहुण्यांना जे मिरवून सांगितलं, ते खाली माणूस नसल्याचं सर्टिफिकेट होतं. बायकोला हे कळता कामा नये.
जाताना दोन सूचना. जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, म्हणजे सांडव्यावर, मी जाळी बसवली आहे, ती काढायची. आणि पायथ्याशी ओल आहे, तिच्यावर लक्ष ठेवायचं. तिथलं पाणी स्वच्छ असेल तर ठीक. गढूळ आलं तर धरणाची माती आतून वाहतेय. खालच्या माणसांना लगेच हलवायचं.

१३ जून
जाळी काढणार नाही. काढली तर मासे जातील. बाईंना माशांतलं काय कळतं.

२० जून
पाऊस लागून राहिलाय. पायथ्याची ओल ताटाएवढी होती, आता चटईएवढी. बायकोने विचारलं, ही ओल कसली. झरा आहे म्हणालो. तिने विचारलं, मग इतकी वर्षं तो कुठे गेला होता. हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

२३ जून
ओलीतलं पाणी ग्लासात धरलं. स्वच्छ. जावयाला मुद्दाम नेऊन दाखवलं. तो म्हणाला, मग प्या. मला तेवढ्यात काम आठवलं.

२८ जून, दुपार
पाऊस थांबत नाही. जाळीत पालापाचोळा अडकून सांडवा जवळजवळ बंद. काठी घालून ढोसलं, काठीही आतच अडकली. तळ्याचं पाणी धरणाच्या माथ्यापासून हातभरच खाली. ओलीतलं पाणी ग्लासात चहासारखं दिसलं. खनिजं असावीत.

संध्याकाळ
ग्लास खिडकीत ठेवला होता. तळाशी माती बसली आहे. मला भीती वाटली. हे या वहीतच राहू दे.

२९ जून
लेकीला सांगायचं म्हणून खाली गेलो. तिने दारातच विचारलं, आबा, धरणाचं काही नाही ना? मी म्हणालो, शंभर टक्के सेफ. का म्हणालो ते कळत नाही. नात पायाला मिठी मारून उभी होती.
घरी आलो तर खिडकीतला ग्लास बायकोच्या हातात. ती तशीच छत्री घेऊन खाली गेली आणि लेक, नात, जावई, गाद्या, दुधाचं पातेलं, सगळं वर आमच्या घरी आणलं. मग इंजिनियर बाईंना फोन केला. माझ्या देखत.
मालकाचाच धरणावर विश्वास नाही, असं जगाला दिसणार. मी हे होऊ देणार नाही. उद्या मी स्वतः खालच्या घरात राहायला जातो.

३० जून, सकाळ
उशी, टॉर्च, रोजनिशी घेऊन मुक्काम खाली. मोठ्या गाद्या वर गेल्यात, म्हणून नातीच्या पलंगावर आडवा झालो. पाय बाहेर येतात. बाकी मस्त.

थोड्या वेळाने
कसला तरी आवाज. भांडं पडलं असेल.

नंतर
पाणी उंबऱ्याशी. पागोळ्यांचं असेल.

नंतर
पाणी आत. एक चप्पल गेली. धरणाच्या एका कोपऱ्यावरून पाणी वाहतंय. बायको वरच्या काठावरून हातवारे करतेय. काळजी नको म्हणून मीही खिडकीतून हात हलवला. नातीची बाहुली पलंगाखालून तरंगत बाहेर आली. हा पलंग नातीचा आहे हे मला माहीत होतं. पण काल मी नुसतं ‘सेफ’ म्हणालो आणि परत फिरलो. बायकोने वर नेलं नसतं तर ती आत्ता इथे असती.

१ जुलै
धरण टिकलं. जावयाने आणि इंजिनियर बाईंनी जाळी पकडीने तोडली, पाणी सांडव्याने सुटलं. मासे गेले. जावयाने मला पाठीवर घेऊन वर आणलं. तळं आता पूर्ण रिकामं करायचा हुकूम आहे.
वर्ग ‘जास्त धोक्याचा’ झाला. बायकोकडून कळलं ते असं : लेकीने खालचं घर कायमचं सोडायचं ठरवलंच होतं. बाईंनी काल येताच विचारलं, आता खाली कोण राहतं. बायको म्हणाली, कोणी नाही. बाई वर्ग तसाच कमी ठेवणार होत्या. तेवढ्यात खिडकीतून मी हात हलवला.
नात माझ्याशी बोलत नाही. बाहुली वाळत घातली आहे.
संकल्प : उद्यापासून रोज सकाळी धरणावर फेरी. चप्पल एकच आहे, ते बघावं लागेल.