पावरीची चाल आणि न विचारलेला प्रश्न

धुळे, ४ मार्च १९८८
कॉलेज संपलं तेव्हा रोजनिशीही संपली. आज लिहायला बसले कारण काल मी दोन माणसांना खोटं सांगितलं.

धुळ्यात फ्रेंच येणारी मी एकटीच, म्हणून र. साहेबांची दुभाषी. ते पॅरिसचे, चित्रपटांना संगीत देतात. पिंपळनेरजवळच्या पाड्यावर म्हाताऱ्या मंगळूबाबांनी पावरी, भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवली; साहेबांनी ती टेपवर घेतली. वाजवण्याआधी बाबांनी मला विचारलं, "हाऊ पाव्हना ऐकीसन आठेच सोडी जाई ना?" मी म्हटलं, हो. नंतर साहेबांनी विचारलं, ही चाल चित्रपटात घेतली तर बाबांना चालेल का? मी म्हटलं, हो.

दोघांनाही न विचारता. शाळेतल्या मुलींच्या वतीनं उत्तरं द्यायची माझी हेडमिस्ट्रेसची सवय, दुसरं काय.

५ मार्च
साहेब जेवायला. शेवभाजीनं नाक गळत होतं, तरी पुन्हा वाढून घेतली. एके काळी त्यांच्या चाली बेकरीवाले गुणगुणत. आता नवे दिग्दर्शक यंत्रावर भागवतात. हा चित्रपट जुन्या मित्राचा, म्हणून मिळाला. "याचा शेवट सापडत नव्हता, बाई. परवा पाड्यावर सापडला."
मी भाकरी आणायच्या निमित्तानं आत गेले.

७ मार्च
मंगळूबाबा एस.टी.नं आले. ओट्यावरच बसले.
"ती चाल देवनी शे, अक्का. देवना दिवसमाज वाजाडतस. तू सांगं म्हनीसन वाजाडी."
मशीनमध्ये भरली गेली हे पाड्यावर कळलंय. यंदा डोंगरदेवाच्या उत्सवात पावरी दुसऱ्याच्या हातात द्यायचं चाललंय. चाळीस वर्षं यांच्याच हातात होती.
चहा घेतला नाही.

८ मार्च
साहेबांना सगळं सांगितलं.
"तुम्हीच शेवट दिलात, आता परत मागता."
मी म्हटलं, हो.
"त्या म्हाताऱ्याचं काय जाईल?"
"वाजवणं."
"म्हणजे माझं जाईल तेच."


जळगाव, ९ मार्च
मुंबईची गाडी तासभर उशिरा. साहेबांनी रिळाचा डबा आपणहून माझ्या हातात दिला, शिवाय चाल उतरवून घेतलेले कागदही. कॉपी केली नाही म्हणाले. विश्वास ठेवला.
मग बाकावर बसलो. त्यांची बोटं गुडघ्यावर चालत होती. ठेका ओळखीचा. मी पाहिलं तशी थांबली.

पिंपळनेर, ११ मार्च
पाड्यावर जाऊन आले. बाबांनी डबा कानाशी धरून हलवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याना डोकामा ते नही राहीनी ना?"
या वेळी विचारून सांगते, म्हटलं. परतताना साहेबांच्या पॅरिसच्या पत्त्यावर पत्र टाकलं, त्यात हा एकच प्रश्न.

मंगळूबाबांच्या हाती दिलं: टेपचं रीळ एक, डब्यासह. सुरांचे कागद चार.