सावलीतलं विरजण

सोमवार, २ तारीख

आले एकदाची. सामान म्हणजे एक पेटी, एक वळकटी आणि माझं तोंड. लेक म्हणाली, तोंड तिथे जरा आवरून ठेव, आणि ही वही हातात कोंबली. काय ओकायचं ते यात ओक, लोकांवर नको, म्हणे. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, काय लिहिणार कपाळ? पण खोली बघितली आणि लिहावंसं वाटलं. स्वतःचा नळ आहे! खिडकी आहे, दोन खाटा ऐसपैस मावतील. महिनाभर काम पटलं तर लेकीलाही आणून ठेवा, असं मालकीणबाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. लेक लॉन्ड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करते आणि रात्री पाच जणींच्या खोलीत कोपऱ्यात अंग मुडपून झोपते. ती इथे आली की मी जिंकले. मग मला कुणाकडून काही नको.

ही बाई दुसऱ्यांच्या गच्च्या, ओसऱ्या, अंगणं सजवून देते. झाडं आणि जुन्या वस्तू. गंजलेली लोखंडी खुर्ची, तिच्यावर चढलेला वेल. तडकलेला रांजण, त्यात नेचे. शेवाळलेला दगडी बेडूक, कानतुटका ससा. गिऱ्हाईक म्हणे असलं काही बघितलं की पाघळतं. हेच माझ्या दारात असतं तर लोक म्हणाले असते, बाई घाणेरडी आहे.

बुधवार, ४

जुनं म्हणून विकतात त्यातलं काहीही जुनं नाही. आज ट्रकमधून कोरेकरकरीत सिमेंटचे बेडूक उतरले, चाळीस. हंडा घेतलेल्या पोरी सहा, सगळ्यांचं नाक एकसारखं चपटं. त्यांना म्हातारं करायचं हे माझं काम. भिंतीवरचं शेवाळ खरवडायचं, आंबट दह्यात घालून मिक्सरमधून फिरवायचं, तो हिरवा चिखल ब्रशने पुतळ्यांना फासायचा, वर ओलं गोणपाट, आणि सावलीत ठेवायचं. वास असा की नाक काढून खुंटीला टांगावं.

माळी सांगत होता, साध्या दह्याने महिना लागतो, बाईच्या दह्याला चार दिवस पुरे. विरजण तिचं खास. रोज सकाळी काचघरातून वाटीत घेऊन येते आणि शेडमधल्या फ्रीजमध्ये ठेवते. काचघरात कुणी जायचं नाही, तिथे तिची सासू आजारी असते. हातमोजे घाल, मोजे घाल, असं माळ्याने तीनदा बजावलं. मी म्हटलं, तुझ्या बायकोला नेऊन दे. पिशव्यांत हात कोंबून माझ्याच्याने काम होत नाही. तो स्वतः फक्त उन्हातली झाडं बघतो, सावलीच्या बाजूला पाऊल टाकत नाही. कामचुकार, दुसरं काय.

रविवार, ८

लेक आली होती. आल्या आल्या बेडकांना बघून म्हणाली, आई, तुझ्या खोलीला एक खिडकी आणि यांना अख्खं कारंजं, तूच बेडूक व्हायला हवं होतंस. मग नळ बघितला, खाटा कशा लावायच्या ते ठरवलं, पुन्हा बदललं, माझ्याशी भांडली. पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. माझीच पोर.

तिला जेवायला दही लावलं होतं. दूध होतं, विरजण नव्हतं. कोण दुकानात जाणार? शेडच्या फ्रीजमधल्या वाटीतलं चमचाभर घेतलं. पांढरंशुभ्र, शेवाळ तर त्यात नंतर घालतात. तासाभरात लागलं की हो! सुरीने कापावं असं. लेकीने वाटी बोटाने पुसून खाल्ली. मी तर परवा पहिल्यांदा लावून बघितलं, तेव्हापासून दुसरं काही खातच नाहीये.

बुधवार, ११

जिभेवर लव आली आहे. हिरवट. सकाळी चमच्याने खरवडली तर कापडाच्या तुकड्यासारखी सोलून आली. बुळबुळीत, आंबूस. तुकडा मोरीत पडला आणि जाळीला चिकटून बसला, पाणी ओतलं तरी जाईना. बोटांच्या बेचक्यांत, काखेत, गुडघ्यांच्या मागे पांढरी साय धरली आहे. पुसली की दुपारपर्यंत पुन्हा. मला माझीच शिसारी येते.

आणि एवढं होऊन दुपारी पुन्हा दही खाल्लं. भांडं चाटलं. लिहिताना लाज वाटते पण चाटलं.

शनिवार, १४

आज कारंज्याच्या कठड्यावर बसले. जरा टेकले म्हणून. उठले तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. चार तास! मी! बसची वाट बघायची म्हटली तरी जिचं डोकं फिरतं, ती मी. मांडीवर गोगलगाय चढली होती. काढावीशी वाटली नाही.

बाई खूश. आता तुम्हाला इथली गती सापडली, म्हणाली. ती कधीच घाई करत नाही. बोलते तेही पाक ओतावा तसं.

लेकीला फोन केला. काय झालंय कोण जाणे, म्हणाली, हल्ली कुणाशी भांडावंसंच वाटत नाही. मुकादम म्हणतो, पोरगी सुधारली. जेवणाच्या सुट्टीत मागच्या गळक्या पाइपाखाली जाऊन बसते, तिथे बरं वाटतं. आणि जीभ जरा खरखरते.

फोन ठेवला आणि पोटातलं सगळं वर आलं. हिरवं आलं.

सोमवार, १६

काचघरात गेले. भर सकाळी, दार ढकलून. बाईला विचारायचं होतं, काय कालवून ठेवलंय त्या वाटीत.

लिहिते. लिहायलाच हवं.

काचांवर वाफ. आत लोखंडी खुर्ची, चहूबाजूंनी नेचे. खुर्चीत सासू. आधी मला वाटलं, नवीन पुतळा. नखशिखांत शेवाळ, खांद्यावर अळंब्यांच्या छोट्या छोट्या छत्र्या उगवलेल्या. बाईने तिची पाठ उघडी केली होती. पाठीवर बोटभर जाड पांढरी साय. ती साय बाई स्वयंपाकातल्या चमच्याने खरवडून वाटीत घेत होती. तोच चमचा. तीच वाटी.

म्हातारी जिवंत आहे. म्हणाली, जरा खाली गं, तिथे खाजतं.

बाई दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, बरं झालं आलात, दाखवायचंच होतं. सासूबाईंचं आता पातळ पडायला लागलंय. मग माझ्या मानेवरून एक बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि मान डोलावली. भाजी घेताना बघतात तसं.

मी तिला आईवरून शिवी दिली. तोंडातून नुसता बुडबुडा आला.

मंगळवार, १७

उन्हाच्या कडेला उभी राहून माळ्याला बोलावलं. तो दोन हात लांब थांबला. चिडलाच. मोजे घाल म्हणून घसा कोरडा केला, तर तू माझ्या बायकोवर घसरलीस, म्हणाला. पण तू ते खाशील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि स्वतःच ओकारी दाबली.

लेकीने किती खाल्लं, ते त्याने विचारलं. एक वाटी म्हटल्यावर म्हणाला, मग सुटेल. रोज ऊन, मिठाने अंग घासायचं, कोरडं राहायचं. आठवड्यात गळून पडेल. पण या बागेच्या सावलीत पुन्हा पाय टाकला तर तिला कुणी उठवू शकणार नाही.

मग मी माझं विचारलं. तो माझ्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, झाडांना पाणी घालायचं राहिलंय.

बुधवार, १८

पेटी घेऊन निघाले. फाटक वीस पावलांवर. ऊन अंगावर पडलं आणि कातडी भाजलेल्या पापडासारखी उचलली गेली. खाली लाल नव्हतं. करडं होतं. सहा पावलं गेले. रांगत परत आले, गोणपाटाखाली शिरले. थंड. ओलं. इतकं बरं वाटलं की मला किळस आली.

लेकीला फोन. शब्द जड जातात, तरी सांगितलं. मीठ लाव, उन्हात बस. इथे यायचं नाही. खोली विसर. तू मला इथे नको आहेस.

ती अशी भडकली! दहा मिनिटं तोंडाचा पट्टा चालू. म्हणे, मला हाकलतेस? सटवी, म्हातारडी, आणखी काय काय. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला होता. शिव्या येतायत म्हणजे पोर अजून पोरच आहे.

शुक्रवार, २०

म्हातारी संपली. बाईने तिला ब्रशने साफ करून अंगणात नेऊन ठेवली. गिऱ्हाईक लगेच पसंत करून गेलं.

काचघरात आता मी. खुर्चीत. सकाळी पाठ खरवडली. दुखत नाही. चमचा गार लागतो. खाज—

शेजारी दुसरी खुर्ची मांडली आहे. मी बोट दाखवलं. बाई म्हणाली, तुमच्या मुलीला फोन केलाय, आई फार आजारी आहे, लगेच ये म्हटलं. तुम्ही दोघी एकत्र राहणार होतात ना?

जीभ उचलत नाही. पेन धरता येतं, बोटं चिकटलीत म्हणून.

रविवार असेल

पाणी मारलं दोनदा. वहीपण ओली.

फाटक वाजलं. तिचाच आवाज. माळ्यावर ओरडतेय, बाजूला हो, माझी आई आहे ती. तो अडवतोय. अडव रे, अडव. ढकललं वाटतं त्याला.

पोरी मी बरी आहे. पोरी जा. ओरडता येत नाही—

बाईला शिव्या देतेय. खणखणीत. छान. देत राहा. उन्हात उभी राहून दे. आत नको येऊस.

आवाज कारंज्याजवळ. सावली आहे तिथे. पोरी तिथे—

बाई तिला म्हणाली, दमलात, जरा टेका.

नको टेकू.

थांबली. मध्येच. अर्ध्या शिवीत—

ऐकू येत नाही. ओरड गं. मला ओरड. एकच शिवी, एक तरी—