परग्रह्याची इंट्री

२ ऑगस्ट. सकाळी.
ठरलं. यंदा गावच्या मंडईत नाटक माझं. तेही वैज्ञानिक. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, घरोघर पाहुणे येतात, रात्रभर नाटक पाहतात आणि दर वर्षी त्यात सासू सुनेला छळते. यंदा आकाशातून परग्रही उतरेल. वडशाच्या नाटक कंपनीचे बिरजूशेठ फोनवर हो म्हणाले. पुढे असंही म्हणाले, "पण पब्लिक उठली तं तुमी जाना अन् तुमचा एलियन जाने." म्हणजे होच.

निश्चय: परग्रही पटला पाहिजे. टीव्हीवरचे परग्रही म्हणजे हिरवा रंग फासलेली माणसं. दोन हात, दोन पाय, नाक मधोमध. हे कोणाला पटतं? मी भाताच्या संशोधन केंद्रात नोकरी करून रिटायर झालो आहे. काम भाताच्या बांध्यांना पाणी सोडायचं होतं, पण ते शास्त्रज्ञांच्या मधूनच सोडावं लागायचं. विज्ञान अंगात मुरतं.

परग्रह्याचं काम धनराजला. शब्द दिला. धनराज माझा लंगोटीयार. एके काळी त्याच्या पदाला गावोगाव वन्समोर मिळायचा. मग कंपन्यांना कोवळे हिरो सापडले आणि हा तलावात जाळं टाकू लागला. त्याची निशा भद्रावतीला दिली आहे. बाप स्टेजवर होता तेव्हा ती पाळण्यात होती. धनराज म्हणाला, "एक इंट्री दे गा खुशाल. चालत येतो, एक पद म्हणतो, चालत जातो. निशाले बलावतो." मी म्हटलं, एक इंट्री काय घेऊन बसलास, अख्खं नाटक तुझं.

६ ऑगस्ट.
तीन पाय! तिवई कधी डुगडुगत नाही, चार पायांच्या खुर्च्या सगळ्या डुगडुगतात. निसर्ग मूर्ख नाही. गोकुळेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "आधी चालून दाखवा." बायको असली तरी प्रयोगाशिवाय मानत नाही, हे मला आवडतं. कमरेला बांबू बांधून अंगणात चालतो आता.

त्याच दिवशी दुपारी.
गुडघा. हळद-चुना लावला. डिझाइनची चूक नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं, आमच्या अंगणात जरा जास्तच आहे.

१४ ऑगस्ट.
गुडघा तसाच. पाय रद्द. आजपासून रोज दोन पानं लिहायची.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदन होतं. पानं उद्या.

१९ ऑगस्ट.
पडल्या पडल्या सुचलं. डोळे कशाला? त्याच्या ग्रहावर उजेडच नसला तर? गाळातल्या मांगूर माशाचं काय अडतं? मिशांनी चाचपडतो आणि आपल्यापेक्षा सुखी असतो. तर परग्रह्याला डोळे नाहीत, तोंड नाही, डोक्यापासून खालपर्यंत आवरण आणि चारी बाजूंनी मिशा. धनराजकडे लंगडत गेलो. मांगूरचं ऐकून खूष झाला. मग म्हणाला, "पण सारंच झाकलं तं निशाले कसं समजन का आपला बाप होय?" मी म्हटलं, आवाजावरून. त्याचं समाधान झालं. कलावंत समजूतदार असला की अर्धं काम होतं.

२७ ऑगस्ट. पहाटे. झोप नाही.
एक भयंकर शंका. परग्रह्याला मराठी कुठून येणार? केंद्रात पुण्याहून साहेब यायचे, त्यांना आमचं "काऊन गा" कळत नव्हतं, आणि पुणं तर याच ग्रहावर आहे. मग जो ताऱ्यापलीकडून आला तो पद म्हणेल? नाही म्हणणार. पद रद्द. नुसता हुंकार.

त्याच दिवशी सकाळी.
धनराज विचारत होता, हुंकार कोणत्या रागात? भैरवीत जमेल म्हणाला. चांगली कल्पना आहे. हो म्हटलं.

२८ ऑगस्ट.
भैरवी तरी कुठून येणार? हुंकार रद्द. परग्रही संपूर्ण मुका. धनराज पहाटे तलावावर गळा साफ करायला जातो, धुणं धुणाऱ्या बाया ऐकत थांबतात, असं गोकुळा म्हणाली. त्याला अजून सांगितलं नाही. गळा साफ असलेला कधीही बरा.

८ सप्टेंबर.
सांगितलं. जाळ्याची गाठ मारता मारता त्याने ऐकलं. म्हणाला, "बोलायचं नाई, गायचं नाई, तोंड दिसायचं नाई. चालायचं तरी हाये ना?" मी म्हटलं, वा, चालणं तर मुख्य! दोन पायांवर चालू देतो, तुझ्यासाठी विज्ञानाला एवढी मुरड. उठताना त्याने नेहमीसारखे मूठभर झिंगे पुडीत बांधून दिले. राजा माणूस.

२० सप्टेंबर.
पोशाख तयार. बुरडाकडून बांबूचा सांगाडा, त्यावर घरातली मच्छरदाणी, मिशांना सायकलचे जुने केबल. मी स्वतः घालून गल्लीत उभा राहिलो. कुत्रा अर्धा तास भुंकला. यशस्वी! गोकुळा म्हणाली, "तो पोस्टमनवरही भुंकते." आता रात्री डास चावतात. त्याग.

२६ सप्टेंबर.
बिरजूशेठ येऊन गेले. भला माणूस, पण बेचैन. नाटकाचं नाव बदललं. माझं होतं "नभोमंडलातील अज्ञात". त्यांनी केलं "परग्रहानं पुसलं कुंकू". म्हणाले पोस्टरवर बसलं पाहिजे. विचारत होते एलियनला बायको आहे का, असेल तर एक लावणी टाका. त्यांची हिरोइन रीता सोबत होती. गुणी मुलगी. तिने नम्रपणे विचारलं, "खुशालभाऊ, त्याले डोळेच नाईत तं मी पाहून लाजू कोणाले?" मी म्हटलं, लाजणं मनात असतं. ती बिरजूशेठकडे बघत राहिली.

मग धनराजला पोशाखात उभं केलं. आपल्याकडे माईक वरून लोंबतात, नटाने खाली येऊन बोलायचं. धनराज आला आणि मिशा माईकच्या वायरीत अडकल्या. सोडवताना दुसरा माईक अडकला. शेठ म्हणाले, "हा एलियन हाये का डीपीवर अडकलेला पतंग?" धनराज मच्छरदाणीच्या आतून हसला. पहिल्यांदाच हसला इतक्या दिवसांत. मला वाटतं भूमिका त्याला सापडत चालली आहे.

५ ऑक्टोबर.
आज जे सुचलं ते जगात कोणाला सुचलं नसेल.

नाल्याकडच्या बांधीत वाघ आहे म्हणतात. संध्याकाळ झाली की शेताच्या धुऱ्यावर माणूस नाही. बाया सरपणाला एकट्या जात नाहीत. वानर खाकरलं की अख्खी आळी दारं लावते. पण पाहिला कोणी? कोणीच नाही! एक पंजा उमटला होता चिखलात, बस. आणि तोच वाघ उद्या स्टेजवर आणून दाखवला तर? लोक म्हणतील, अरे हा तर चादर पांघरलेला पोट्टा.

म्हणजे परग्रही दाखवायचाच नाही! उजेड दिसेल, पावलांचा आवाज येईल, वास येईल, ठसे राहतील. तो मात्र दिसणार नाही. मच्छरदाणीही परत मिळेल.

धावतच (गुडघा विसरून) धनराजकडे गेलो. म्हटलं, तुझं काम वाढलं! आधी दोनच अंकांत होतास, आता चारही अंकांत आहेस. फक्त दिसणार नाहीस. त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मंग माही इंट्री?" मी समजावलं की न येणं हीच सर्वांत मोठी इंट्री. तो म्हणाला, "निशानं जावयाले सुट्टी टाकायला लावली. सासूलेही घेऊन येऊन राह्यली." मी म्हटलं, उत्तमच, गर्दी पाहिजे.

झिंगे दिले आजही.

५ ऑक्टोबर. जेवणानंतर.
गोकुळेने झिंग्यांची भाजी सगळी माझ्याच ताटात वाढली. स्वतः मिरचीशी खाल्लं. विचारलं तर म्हणाली, "तुमी एका माणसाले बसल्या जागी गायब केलं. आता खा त्याचे मासे." कलेच्या बाबतीत बायकांना धीर नसतो. भाजी मात्र गळ्याखाली उतरेना. मीठ जास्त असावं.

१६ ऑक्टोबर.
चैन नाही. कारण सापडलं: धनराजला काम काय ते नीट वाटून दिलं नव्हतं. आज दिलं. मागच्या पडद्याआड उभं राहून टॉर्च मारायचा आणि मुसळ आपटायचं, म्हणजे पावलं. त्याला बजावलं, हे नवख्याचं काम नाही, यात ताल लागतो. तो "बरं" म्हणाला. पूर्वी दोन वाक्यं बोलायचा. मुरलेला नट शब्द वाचवतो.

निश्चय: उद्यापासून चौथा अंक.

२९ ऑक्टोबर.
उद्यापासून नक्की.

८ नोव्हेंबर. मंडईच्या आदल्या दिवशी.
चौथा अंक संपला. परग्रही परत जातो. तो आलेला दिसत नाही म्हणून गेलेलाही दिसत नाही. तेवढं एक पान लिहायचं वाचलं.

निशा आली. जावई, सासू, कडेवर पोर. नवी साडी नेसून माझ्याच घरी पाया पडायला आली. विचारत होती, "काका, बाबा कोणत्या अंकात येते? पोरगं झोपते ना, तेवढ्यापुरतं उठवीन." मी म्हटलं, सगळ्या अंकांत आहे. तिचा चेहरा असा फुलला की मला पुढचं सांगवेना. म्हणजे सांगायचं होतं, पण गोकुळेने मध्येच चहा आणला. आणून माझ्यासमोर कप आपटला.

१० नोव्हेंबर. सकाळी नऊ. अजून झोपलो नाही.
क्रमाने लिहितो.

पहिला अंक बरा. पडद्यामागून उजेड आला, रीता किंचाळली, लोक सावरून बसले. दुसऱ्यात ठसे. पण आपल्याकडे पब्लिक खोदलेल्या खळग्यात भाताचं तणस अंथरून बसतं, स्टेज उंच. स्टेजवरच्या जमिनीवर काय उमटलंय ते पहिल्या ओळीलाही दिसेना. तिसऱ्यात परग्रह्याचा वास. मी विंगेत सुकी मासळी निखाऱ्यावर टाकली. ऑर्गनवाल्याला ठसका लागला. एक म्हातारा ओरडला, "अबे सैपाक झाला असन तं वाढा!" मग सुरू झालं. "एलियन दाखवा!" "नवरी हाये का, लाजते?" बायका उठून चादरी झटकू लागल्या. बिरजूशेठ विंगेत माझ्याकडे पाहत होते, मी वर माईककडे.

रीता वाक्य विसरली. प्रॉम्प्टरने नको ते, जुन्या खर्ड्यातलं पान उघडलं आणि मोठ्याने सांगितलं, "तो बघा, आला!" रीताने तसंच म्हटलं, बोट दाखवून. सगळं पब्लिक त्या बाजूला वळलं. तिथे कोणी यायचंच नव्हतं, माझ्याच सिद्धांताप्रमाणे. आणि समोरच्या ओळीत निशा पोराला गदागदा हलवून उठवत होती.

विंगेत सामानात पडलेली मच्छरदाणी मी उचलली. खरं सांगतो, उचलली. धनराजकडे धावलो, म्हटलं, घाल हे. पण तो आधीच निघाला होता. धोतर, बनियन, एका हातात टॉर्च, खांद्यावर मुसळ. सरळ चालत आला. माईकखाली थांबला. मुसळ हळूच खाली ठेवलं. आणि पद धरलं.

ऑर्गनवाल्याने खोकता खोकता सूर गाठला. झटकलेल्या चादरी तशाच हातात राहिल्या. पदात अवकाश नव्हता, ग्रह नव्हता, कुठलंसं जुनं विरहाचं पद. वन्समोर आला. परत आला. परत आला. माझ्यामागे एक म्हातारी दुसरीला विचारत होती, "हाच का वो वरून आलेला?" दुसरी म्हणाली, "हाच. दिसते बी तसाच." कोणालाही एकही शंका आली नाही. दोन हात, दोन पाय, नाक मधोमध.

निशा उभी राहून ओरडली, "माहे बाबा होय ते!" तिची सासू तिला खाली ओढत होती आणि स्वतः शिट्टी मारत होती. धनराज मुसळ उचलून आला तसा चालत गेला. चौथा अंक लोकांनी होऊ दिला नाही. पुन्हा त्यालाच बोलवा म्हणाले.

निष्कर्ष: तीन अंक परग्रही न दाखवून मी प्रेक्षक भुकेला ठेवला, म्हणून चौथा घास गोड लागला. सिद्धांत सिद्ध झाला.

पद ऐकताना माझे डोळे वाहत होते. विंगेत धूर फार होता.

१५ नोव्हेंबर.
बिरजूशेठ येणार असा निरोप. इस्त्रीचा सदरा घातला. पुढच्या नाटकाचा विषय तयार ठेवला आहे: शुक्रावरची मंडई.

त्याच दिवशी दुपारी.
शेठ धनराजच्या घरी गेले होते. माझ्याकडे चहा राहिला म्हणून आले. धनराजला पूर्ण हंगामासाठी घेतलं, शंकरपटापर्यंत, म्हणजे बैलांच्या शर्यती संपेपर्यंत रोज प्रयोग. नाटकही ठेवलं आहे. त्यातून परग्रही काढला, यान काढलं, विज्ञान काढलं. सासू-सून घातली. ती एक इंट्री मात्र जशीच्या तशी.

शेठनी धनराजला विचारलं होतं, हा सीन लिहिला कोणी? धनराज म्हणाला, "खुशालनं. त्यानंच ठरवलं होतं का मी शेवटपर्यंत दिसायचं नाई म्हणून." एवढं म्हणून थांबला नाही. खुशाल सोबत आला तरच मी येतो म्हणून अडून बसला. तेव्हा शेठनी मलाही घेतलं. नव्या नाटकात वीज पडते, भूकंप होतो, सासूचं भूत चालतं. मागच्या पडद्याआड टॉर्च मारायला आणि मुसळ आपटायला जाणता माणूस पाहिजे.

विचार करून सांगतो म्हटलं. शेठ म्हणाले, गाडी साडेचारला निघते.

निश्चय: आजपासून मुसळाचा सराव. यात ताल लागतो.

गोकुळेने पिशवी भरून दिली. वर घडी करून मच्छरदाणी ठेवली, डास असतात म्हणाली. मग दारात उभी राहून विचारलं, "तुमी कोणत्या अंकात येता?"

मी म्हटलं, सगळ्या.