राणीचं कपाट

आण्णा, गेल्या महिन्यात तुमच्या कपाटाची तपासणी झाली. धाकटीच्या सासऱ्यांना जुन्या वस्तूंचं भारी कौतुक, घरी आले की कपाटावरून हात फिरवणार आणि "राणीचं ना हे?" म्हणून विचारणार. या खेपेला पुण्याहून त्यांनी आपली भाचीच आणली. जुनं लाकूडसामान बघून ते कधीचं, कुठलं, हे सांगायचं तिचं काम. मी म्हटलं, बघा की. सात रस्त्याजवळच्या दुकानात बसून उभा जन्म मी पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतोय, बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली की आतलं दुखणं सांगतोय. तपासणीला मी कशाला भ्यायचं?

पोरगी कामाची निघाली. तिनं खण उपसून पालथे केले, बॅटरी घेऊन कपाटाच्या मागं शिरली आणि केसांना जळमटं लावून बाहेर आली. "काका, पुढचं सागवान आहे, चांगलं आहे. पण मागच्या फळ्यांवर करवतीच्या गोल रेघा आहेत. यंत्रावर कापल्यात. हातकरवतीची रेघ सरळ येते. आणि या फळ्या खोक्याच्या आहेत." खरंच, परदेशातून यंत्रं येतात त्या खोक्यांवर असतात तशी काळी इंग्रजी अक्षरं तिथं अर्धवट पुसलेली. कप्पे इतके बारके, की साडीची घडी मावू नये. कापडाचे नमुने ठेवायचे असणार, ती म्हणाली. "सत्तर-ऐंशी वर्षांचं असेल. गिरणीच्या ऑफिसातलं वाटतंय." व्याही खो खो हसले. "पाव्हणं, मग राणी काय गिरणीत कामाला होती व्हय?" सगळं घर हसलं, मीही हसलो. मग बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "तुमच्या वडलांनी थाप लई झकास मारली की!"

तिथं माझं हसू संपलं. तुम्ही मला रागावलात, चारदा बडवलंतही, पण थाप? गिरणीतली पाळी चुकवलीत तर मुकादमाला ताप आला म्हणून सांगायचं सोडून "जत्रंला गेलतो" म्हणून सांगणारा माणूस. मी कप खाली ठेवला. म्हटलं, "आमच्या आण्णांनी हे गिरणीचंच म्हणून आणलं आणि मरेपर्यंत गिरणीचंच म्हणत राहिले."

मला तो दिवस लख्ख दिसतो. गिरणीनं जुनं ऑफिस मोडलंय, सामान कामगारांत वाटलंय. तुम्ही हातगाडी ओढत गल्लीत शिरता, पाठीला सदरा चिकटलाय. आई दारात उभी. "एवढं धूड कुटं ठिवायचं हितं? मानसं भाईर झोपायची का?" मागांच्या खडखडाटात तुमचे कान कधीच गेलेले, त्यामुळं तुम्ही घरातही मागखात्यात ओरडावं तसं ओरडता, "गिरनीचं हाय! सायबानं सोता दिलंय!" तोंडात तंबाखूचा बार, त्यामुळं गिरणीतला 'गि' निम्मा गालात, गल्लीत जातं ते 'रनीचं'. त्या आठवड्यात सगळी गल्ली राणीचं कपाट बघायला आली. तुम्ही कप्पे उघडून दाखवत होता, विचारतील त्याला मान डोलवत होता. विचारतायत काय, ते तुम्हाला ऐकूच येत नव्हतं.

हे सगळं मी व्याह्यांना तोंडावर सांगितलं. "माणूस बहिरा होता, खोटा नव्हता." मग भाचीच हळूच म्हणाली, "मामा, गिरणीचं आहे म्हणून कपाट हलकं ठरत नाही. सांधे बघा, अजून सुई जात नाही." व्याही म्हणाले, "तसं नव्हं, पण मग राणीचं म्हणालं कोण?" मी म्हणालो, "लोकांनी ऐकलं तसं म्हणाले." जाताना त्यांनी शहाणपण शिकवलं, की पॉलिश मारा, मागनं प्लायवूड ठोका, कुणाला कळणार नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन माणसं बोलावली, कपाट बैठकीत आणलं आणि भिंतीपासून हातभर पुढं ठेवलं. आल्यागेल्याला मागं नेऊन ती अक्षरं दाखवतो. गिरणीचं आहे म्हणतो, तोंडातला घास संपवून, पहिल्या अक्षरासकट. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

एवढं मात्र व्याह्यांपुढं बोलायला जीभ रेटली नाही, आणि हा कागदही मी कुणाच्या हाती पडू देणार नाही. लोकांनी नाही, आण्णा. माझ्या वर्गात नव्या पेठेतल्या दुकानदारांची पोरं होती, त्यांच्या घरी सोफे होते. राणीचं म्हणून पहिल्यांदा मी सांगितलं, शाळेत, मग गल्लीत, मग तुमच्या पुढ्यात उभं राहून, आणि तुम्ही माझ्याकडं कौतुकानं बघत मान डोलवलीत. तुमचा 'गि' मला चांगला ऐकू आला होता.