दामोदरचं पान

राजापेठ, मंगळवार संध्याकाळ

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे बाबांना आठवडाभर वाचायला मनाई, म्हणून शहरातल्या भुतांवरच्या त्यांच्या आवडत्या कादंबरीमालिकेचा नववा भाग मीच वाचून दाखवतेय. खरं सांगू? यंदा लेखकानं दोनशे पानं भुतांच्या राजकारणात फुकट घालवली. जांभया देत वाचलं सगळं. आणि आज ते एक पान आलं. भुतांना रिक्षानं घरी सोडणारा म्हातारा दामोदर त्या पानावर मेला. नऊ भागांत इतकं सुंदर काही वाचलं नव्हतं. मी ते मनातल्या मनात वाचलं, पान उलटलं आणि बाबांना ठोकून दिलं, "दामोदर रिक्षा विकून गावी गेला."

पहिल्या भागापासून दामोदर म्हणजे बाबांचा जीव. पण मी त्यांचं मन जपलं, की माझं रडं लपवलं? रटाळ दोनशे पानं त्यांना ऐकवली, आणि ते एक पान एकटीनंच गिळलं.

आता चहा द्यायला गेले, तर बाबा म्हणाले, "दामोदर रिक्षा विकणार नाई व माय. पान उलटल्याचा आवाज आला मले, वाचल्याचा नाई आला. रडू आलं तं रड, पण वाच."