गाण्यात वारलेल्या आजोबांना

नॅशव्हिल, मंगळवार

आदरणीय आजोबा,

मॅटीचा नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? (पत्रात सगळेच विचारतात, मी या वेळी खरोखर विचारते आहे.) गुडघा ओपल आत्याकडून शेकून घेत जा. मी मजेत आहे.

तुमच्या मरणाबद्दल खुलासा करायचा आहे. माझ्या गाण्यात तुम्ही आधी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून गिटार सुरात लावत होतात. आमच्या गाण्यांच्या कंपनीच्या डार्लाबाई म्हणाल्या, "म्हातारा जिवंत आहे तोवर हे गाणं कोण ऐकणार गं?" म्हणून शेवटच्या कडव्यात खुर्ची रिकामी केली. इथे गाणी लिहिणारे गोल करून बसतात आणि आळीपाळीने आपापलं गाणं म्हणतात. माझं संपलं रे संपलं, की मी सांगून टाकते, "आजोबा हयात आहेत, फक्त गुडघा धरतो." (माझी शाळा आपल्याच स्वयंपाकघरात झाली, खोटं बोलणं हा विषय राहूनच गेला.) डोळ्यांना लावलेले रुमाल खाली येतात आणि लोक माझ्याकडे रागाने बघतात. डार्लाबाई म्हणतात, "अगं बये, त्यांना रडून घरी तरी जाऊ दे!"

पण रेडिओवर खुलासा करायला मी नव्हते. केंटकीतल्या आपल्या स्टेशनने गाणं लावलं आणि दरीतली अख्खी वस्ती दुखवट्याचं जेवण घेऊन तुमच्या दारात उभी राहिली. हेस्टरकाकूंनी तर भरली अंडी आणली (एरवी त्या उकडलेलं अंडंसुद्धा देत नाहीत). दार तुम्हीच उघडलंत आणि म्हणालात म्हणे, "या, मयत मीच. हॅम कुणी आणलंय?" आत्याने सांगितलं तेव्हा मी खूप हसले. मग म्हटलं, आजोबांना फोन दे. मागून तुमचा आवाज आला, "मेलेली माणसं फोनवर येत नसतात, सांग तिला." तेव्हापासून दर रविवारी हेच.

इथे गिटार सुरात लावायला यंत्र आहे. हिरवा दिवा लागला की झालं. तार पिळताना "अजून थोडी, अजून कुरकुरतेय पोरगी" असं तुमच्यासारखं कुणी म्हणत नाही.

तुमची आज्ञाधारक,
मॅटी

ता.क. एका मोठ्या गायकाला हे गाणं हवं आहे. मी कळवलं, आजोबा खुर्चीत परत बसले तरच देईन. आता डार्लाबाईही माझ्याशी बोलत नाहीत.

पुन्हा ता.क. वर 'मी मजेत आहे' लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. रविवारी आत्या फोन टेबलावर तसाच चालू ठेवणार आहे. तुम्ही बोलू नका. मेलेल्यांचा नियम मोडा असं मी सांगणार नाही. फक्त खुर्ची जरा फोनकडे ओढा आणि गिटार सुरात लावा. मी इकडे माझी त्या सुराला लावून घेते.